आवाळवाचा घाईने दिलेला निकाल

ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंतच्या ज्या मध्यमवर्गीय समाजात आमचे आयुष्य गेले, त्या समाजात अलीकडे एक मत असे रूढ होत चालले आहे की, अंगावर एखादे आवाळू उठले आणि ते दुखत नसले, तर त्याचे निदान करवून घेणे हा निव्वळ पैशाचा अपव्यय होय. ते फारच डोळ्यांत खुपू लागले, तर पिकू द्यावे आणि पिकल्यावर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात फोडून घ्यावे. आणि काढलेला तुकडा प्रयोगशाळेकडे धाडण्याचा आग्रह एखादा शल्यवैद्य धरू लागला, तर त्या आग्रहामागे प्रयोगशाळेकडून मिळणारा हिस्सा दडलेला आहे असे खुशाल समजावे. हे मत अडाण्यांचे नाही. ते निवृत्त अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकू येते, व्याख्यानानंतरच्या चर्चेत हिरिरीने मांडले जाते, आणि ‘आमच्या आजोबांच्या पाठीवर चाळीस वर्षे आवाळू होते, त्यांना काय झाले?’ ह्या प्रश्नाने त्याचा समारोप होतो. आजोबांना काही झाले नाही हे आम्हांस मान्य आहे. परंतु एका आजोबांच्या पाठीवरून यच्चयावत् गाठींचा फैसला करण्याचा जो शिरस्ता पडू पाहत आहे, त्याचा प्रतिवाद करणे अगत्याचे वाटते.

प्रतिपक्षाचे जेवढे म्हणणे खरे आहे तेवढे आधीच कबूल करून टाकतो. बहुतेक आवाळवे निरुपद्रवी असतात, जन्मभर अंगावर बाळगली तरी चालतात, आणि ती काढलीच पाहिजेत असे सरसकट सांगणारा वैद्य रुग्णापेक्षा आपल्या हिशेबाकडे अधिक पाहत असतो. सर्वांत नेहमीचे जे आवाळू, ज्याला वैद्यकात एपिडर्मॉइड सिस्ट म्हणतात, ते ओळखण्यास यंत्र लागत नाही. पाठ, मान किंवा कानामागची जागा. कातडीखाली सरकणारी, पण एका बिंदूपाशी कातडीला घट्ट धरून असलेली गोल गाठ. त्या बिंदूवर बारीक काळे तोंड. आणि दाबले तर त्या तोंडातून येणारा फिकट, भुसभुशीत, उग्र दर्पाचा मगज, एवढे दिसले की निदान झाले. लोक त्या मगजाला चरबी समजतात. वस्तुतः तो केराटिनाचा साठा असतो, म्हणजे आपल्या कातडीचा वरचा थर ज्या द्रव्याचा कोंडा रोज अंगावरून झडतो, तेच द्रव्य आत वळलेल्या कातडीच्या पिशवीत अडकून वर्षानुवर्षे साचलेले असते. अशा गाठीसाठी एमआरआय लिहून देणारा इसम आढळला, तर प्रतिपक्षाने त्याची जरूर फिर्याद करावी. आम्ही साक्षीस येऊ.

पण येथे आमचे मार्ग फुटतात. वरील गाठ निरुपद्रवी आहे असे आपण म्हणतो, ते ती तपासल्यानंतर म्हणतो. प्रतिपक्ष हा क्रम उलटा करतो: गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, आणि साधी म्हणून तपासण्याचे कारण नाही. न दुखण्याचा हा दाखला किती फसवा असतो, हे पाहण्यासाठी आपल्याच प्रदेशातील व्याधींकडे पाहावे. क्षयाची मानेतली गाठ आरंभी दुखत नाही. ती हळूहळू मऊ होते, कातडीला चिकटते, आणि तिला आवाळू समजून कोणी चीर दिली की महिनोन्‌महिने वाहणारी जखम मागे राहते. कुष्ठरोगाच्या हिस्टॉइड नावाच्या प्रकारात वरवर निरोगी दिसणाऱ्या कातडीवर चकचकीत, टणक, वेदनारहित गाठी उठतात. त्या जंतूंनी गच्च भरलेल्या असतात, आणि उपचार सुरू होईपर्यंत तो मनुष्य नकळत इतरांस संसर्ग देत राहतो. पट्टकृमीच्या अळीची पिशवी कातडीखाली किंवा स्नायूत येऊन बसते, तीही मुकाट असते. तिची भावंडे मेंदूत असली, तर पहिली वार्ता फेफऱ्याच्या रूपाने येते. ह्या बाबतीत शाकाहाराचे सोवळेही कामास येत नाही, कारण त्या कृमीची अंडी मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून आणि न धुतलेल्या पालेभाजीतून पोटात जातात, आणि रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर भाजी कशी पिकते हे मध्य रेल्वेच्या प्रवाशांस आम्ही सांगावयास नको.

‘पण असल्या विरळा गोष्टींची भीती सामान्य माणसास कशाला घालता?’ हा आक्षेप ह्यावर ठरलेला असतो. ज्या बालकाच्या नाकावर ती विरळा गोष्ट उगवली आहे, त्याच्या आईबापांपुढे हा हिशेब मांडून पाहावा. गर्भावस्थेत चेहऱ्याचे निरनिराळे भाग जेथे एकमेकांस येऊन मिळतात, त्या सांध्यात कातडीचा अंश अडकून राहिला की जन्मजात डर्मॉइड गाठ तयार होते. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी असलेली अशी गाठ बहुधा सरळमार्गी असते. तीच गाठ नाकाच्या मध्यरेषेवर असली, आणि विशेषतः तिच्यावर एखादा खळगा व त्यातून डोकावणारा केस असला, तर तिची वाट कधी कधी कवटीच्या आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असते. पाठीवरच्या आवाळवासाठी ज्या एमआरआयचा आम्ही निषेध केला, तोच येथे सुरी उचलण्यापूर्वी अनिवार्य ठरतो. आणि ‘पुटकुळी आहे, दाबून टाका’ असे सांगणारा हितचिंतक शेजारी त्या मुलाला मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवतो. गळ्याच्या मध्यरेषेवरची जी गाठ जीभ बाहेर काढताच वर सरकते, तिचेही तसेच. तिच्याबरोबर हायॉइड ह्या हाडाचा मधला तुकडा काढला नाही, तर ती पुन्हा उद्भवण्याची भीती असते. आणि थायरॉइड ग्रंथी आपल्या जागी आहे ना ह्याची सोनोग्राफीने आधी रुजुवात घेतली नाही, तर एखाद्या रुग्णाची असलेली एकुलती थायरॉइडच गाठ समजून काढली जाऊ शकते.

असो. दुर्लक्षाचा जाच जिच्यात सर्वांत अधिक आढळतो, ती व्याधी मात्र जिवावर बेतणारी नाही. स्टिअटोसिस्टोमा मल्टिप्लेक्स हे तिचे बोजड नाव. लंडनच्या प्रिंगल ह्या त्वचारोगतज्ज्ञाने ते १८९९ मध्ये दिले. वयात येण्याच्या सुमारास छातीवर, काखेत, मानेवर, कधी दंडांवर मुगापासून सुपारीपर्यंतच्या आकाराच्या मऊ, कातडीच्याच रंगाच्या किंवा किंचित पिवळसर गाठी एकामागून एक येऊ लागतात, आणि त्यांची संख्या कधी कधी शंभराच्याही पुढे जाते. नेहमीच्या आवाळवावरचे काळे तोंड ह्यांच्यावर बहुधा नसते. टोचल्यास भुसभुशीत मगजाऐवजी तेलकट पिवळा द्रव येतो, कारण ह्या पिशवीच्या भिंतीतच स्नेहग्रंथी वसलेल्या असतात. केराटिन १७ हे प्रथिन घडविणाऱ्या जनुकातील बिघाड हे अनेक कुटुंबांत ह्याचे कारण असते, आणि तो बिघाड आईकडे वा बापाकडे असला तर प्रत्येक अपत्याकडे उतरण्याची शक्यता निम्मी असते.

अशा गाठी उठलेल्या मुलीचे आपल्याकडे काय होते? प्रथम तिच्या गाठी मुरुमे ठरतात आणि तिला महिनोन्‌महिने प्रतिजैविके चारली जातात. ती लागू पडेनाशी झाली की रक्तशुद्धीचे काढे सुरू होतात. पुढे लग्नाची बोलणी निघाली म्हणजे बंद गळ्याच्या पोशाखाची सक्ती होते, आणि डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, पोर झोपली आहे अशा समजुतीने, ही गोष्ट पाहुण्यांस कळवावी की लपवावी ह्याचा दबक्या आवाजात खल चालतो. ज्या गृहस्थांस निदान हा पैशाचा अपव्यय वाटतो, त्यांनी ह्या खलाची किंमत रुपयांत मांडून दाखवावी. एक गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, आणि बापाने तीस वर्षे सदऱ्याखाली झाकलेल्या छातीकडे वैद्याने एकदा विचारपूस करून पाहिले, की हा संसर्ग नाही, रक्तदोष नाही आणि कर्करोगही नाही हे त्या कुटुंबास खात्रीने सांगता येते. सर्व गाठी समूळ नाहीशा करणारे औषध नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे. आयसोट्रेटिनॉइनने सुजलेल्या गाठींचा दाह काहीसा आवरतो, गाठी राहतात, आणि गर्भास ते औषध अत्यंत घातक असल्यामुळे ते देताना मोठी खबरदारी घ्यावी लागते. परंतु ज्या गाठी डोळ्यांत भरतात तेवढ्या निवडून, जागेवर भूल देऊन, दोन-तीन मिलिमीटरांचे छिद्र पाडावे, आतला द्रव पिळून काढावा, आणि रिकामी झालेली पिशवी बारीक चिमट्याने अलगद ओढून घ्यावी, ही युक्ती साध्या दवाखान्यातही साधते. एका बैठकीत कित्येक गाठी निघतात आणि वण नाममात्र राहतो.

निदान म्हणजे सुरीची पूर्वतयारी, असेही प्रतिपक्षाने धरून ठेवले आहे. पुष्कळदा निदानाने सुरी टळते. मुलांच्या व तरुणांच्या छातीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या असंख्य गाठी येतात आणि त्यांच्या आत बारीक लव गुंडाळलेली सापडते, त्या व्याधीचे वर्णन १९७७ पूर्वी कोणी केलेले नव्हते. तिच्यातील काही गाठी कालांतराने आपोआप जिरतात, म्हणून ती ओळखणारा वैद्य बहुधा हात आवरतो. पापण्यांच्या भोवती उठणाऱ्या, निळसर झाक असलेल्या स्वेदग्रंथींच्या गाठींचे वर्णन न्यूयॉर्कच्या रॉबिन्सनने १८९३ मध्ये केले, आणि त्या उष्ण, दमट जागी राबणाऱ्या स्त्रियांत आढळतात हेही त्याने टिपून ठेवले. पोळी-भाजी केंद्रात तव्यांच्या रांगेपुढे उभ्या राहणाऱ्या एखाद्या बाईच्या डोळ्यांखाली असे बारीक फोड वैशाखात वाढत असतील आणि मार्गशीर्षात ओसरत असतील, तर ‘बाई, हे थंडीत कमी होतात का?’ हा एकच प्रश्न निम्मे निदान करून जातो. त्या प्रश्नास पैसा पडत नाही. तो विचारण्याइतका वेळ मात्र लागतो, आणि तो नसतो ही तक्रार आम्ही प्रतिपक्षाच्या सुरात सूर मिसळून करू.

सर्वांत अनर्थ करणारा सल्ला ‘पिकू द्या’ हा होय. भाजलेला कांदा बांधा, अळशीचे पोटीस लावा, गाठ तोंड करील, घाण वाहून जाईल, अशी त्याची मांडणी असते. प्रत्यक्षात घडते ते असे. दाबल्याने किंवा आपटल्याने पिशवीची भिंत आतल्या आत फुटते, केराटिन भोवतालच्या मांसात उतरते, शरीर त्यास परके समजून त्याच्याशी झुंजू लागते, आणि गाठ लाल, गरम, ठणकणारी होते. ह्या लालीत जंतूंचा हात असतोच असे नाही, आणि म्हणून औषधाच्या दुकानातून आपल्या मुखत्यारीने आणलेली प्रतिजैविके पुष्कळदा व्यर्थ जातात. पू झाला असेल तर चीर देऊन वाट करून द्यावी हे खरे. पण त्या चिरेतून पिशवी निघत नाही. ती दाहाने लिबलिबीत होऊन आजूबाजूस चिकटलेली असते, तिचा एखादा तुकडा आत राहतो, आणि काही महिन्यांनी त्याच जागी, आता व्रणासकट, आवाळू पुन्हा हजर होते. म्हणून दाह शमू द्यावा, महिना-दीड महिना थांबावे, आणि मग गाठ शांत असताना पिशवी सगळीच्या सगळी काढावी.

ह्यावर ‘आमचे प्राचीन शास्त्र निराळे सांगते’ असे म्हणणाऱ्यांनी सुश्रुतसंहिता उघडण्याची तसदी घ्यावी. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात मेदोज ग्रंथी फुटली असता पेंडीसारखा किंवा तुपासारखा पदार्थ बाहेर येतो असे सांगितले आहे. आणि चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात, मर्मस्थानी नसलेली आणि उपायांनी न शमलेली ग्रंथी अपक्व असतानाच चिरून काढावी, असा निःसंदिग्ध आदेश आहे. अर्बुदांविषयी तर त्याच अध्यायात बजावले आहे की, शेष ठेवल्यास ती पुन्हा उद्भवतात, शेष राहिलेल्या अग्नीप्रमाणे. पोटिसाच्या कैवाऱ्यांनी सुश्रुताचे नाव घेऊ नये हे बरे.

मग गाठीस हात लावू नये ही भीती आली कोठून? तिलाही एके काळी सबळ कारण होते. १८२१ मध्ये इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज ह्याच्या डोक्यावरचे आवाळू अ‍ॅस्ट्ली कूपर ह्या विख्यात शल्यविशारदाने काढले, तेव्हा जखमेत विसर्प होऊन राजा दगावेल ह्या धास्तीने तो पछाडला होता. राजा बरा झाला आणि कूपर बॅरोनेट झाला. परंतु जेथे राजाच्या शिरावरच्या क्षुल्लक गाठीस हात घालताना असा मनुष्य कापत होता, तेथे सामान्य माणसाने आवाळू जपून ठेवले तर ते शहाणपणच होते. पुढे १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशनाची पद्धत प्रसिद्ध केली, १९४३ मध्ये स्वीडनच्या लोफग्रेनने जागेवर भूल देणारे लिग्नोकेन तयार केले, आणि त्या भीतीची मुदत संपली. आजोबांनी आवाळू का बाळगले ह्याचा हा खुलासा आहे. नातवाने ते का तपासून घेऊ नये ह्याचा नाही.

आज लिग्नोकेनची सुई टोचल्यावर दोन-चार मिनिटांत जागा बधिर होते. काळ्या तोंडाभोवती पापणीच्या आकाराची चीर घेतली जाते, जेणेकरून ते तोंड पिशवीसकट निघावे. मग कातडीच्या कडा उचलून बारीक फोर्सेप्सच्या टोकांनी पिशवीच्या भोवतीचे पदर मोकळे करीत जावयाचे, आणि ह्या कामात घाई केली की पांढरी भिंत फाटून तो परिचित दर्प खोलीभर पसरतो. न फाटता निघालेली पिशवी मोतिया रंगाची, गुळगुळीत आणि तुकतुकीत दिसते. येथपर्यंत सर्वांचे एकमत असते. वाद सुरू होतो तो पुढच्या बाटलीवरून. गाठ दहा टक्के फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकावयाची आणि प्रयोगशाळेकडे रवाना करावयाची. ती बाटली आपल्याकडे बहुधा नातेवाइकाच्या हाती दिली जाते, तो ती पिशवीत घालून रिक्षाने निघतो, आणि वाटेत ‘कशाला उगाच’ ह्या विचाराने ती घरातल्या फडताळात किंवा गटारात जाते. कोणी फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्येच गाठ ठेवून देतो, आणि दोन दिवसांनी पोहोचलेल्या त्या नासक्या तुकड्यातून कोणासही काही वाचता येत नाही.

ठरावीक जागची, ठरावीक मगजाची प्रत्येक गाठ तपासावी की नाही, ह्याविषयी शल्यवैद्यांतच मतभेद आहेत, आणि तो मुद्दा आम्ही प्रतिपक्षास सोडून देण्यास तयार आहोत. पण जी गाठ झपाट्याने वाढली, जी घट्ट व भरीव निघाली, जी पुन्हा उद्भवली, जिच्यावरची कातडी फुटली, किंवा जी विचित्र जागी होती, तिच्याबाबत सवलत नाही. वयस्क स्त्रियांच्या डोक्यावर केसांच्या मुळाशी होणारी एक गाठ वर्षानुवर्षे साध्या आवाळवासारखी नांदते, मग अकस्मात वाढू लागते, आणि क्वचित् तिच्यातून कर्करोग उद्भवतो. त्याहून विलक्षण उदाहरण गार्डनर सिंड्रोमचे आहे. वयात येण्यापूर्वीच एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर, हातापायांवर अनेक आवाळवे उठली आणि जबड्यावर हाडाचे उंचवटे लागले, तर त्याच्या मोठ्या आतड्यात पुढे शेकडो मोड येतात. ते वेळीच ओळखून आतड्याची व्यवस्था केली नाही, तर त्यांतून कर्करोग होणे जवळजवळ अटळ असते. तेथे कातडीवरची निरुपद्रवी गाठ ही आगाऊ नोटीस असते, आणि ती न वाचताच फाडण्याची शिफारस आमचे मित्र करीत आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून सूक्ष्मदर्शकाशी बसून ज्यांनी ह्या देशात विकृतिशास्त्राचा पाया घातला, त्या वसंत रामजी खानोलकरांच्या मराठी मुलखात तुकडा तपासणे ही चैन ठरावी, ह्यास काय म्हणावे?

डोंबिवलीतील एक पोटपक्ष गाठींचे खापर रसायनांच्या कारखान्यांवर फोडतो. ज्या गावात २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडल्याचा बोभाटा झाला, तेथे हा संशय नैसर्गिक आहे, आणि क्लोरीनयुक्त काही द्रव्यांनी क्लोरॅक्ने नावाचा विकार होतो हेही खरे. इटलीतील सेवेसो येथे १९७६ च्या दुर्घटनेनंतर तो मुलांच्या चेहऱ्यांवर दिसला. पण त्यात गालांवर व कानांमागे काळ्या तोंडाच्या पुटकुळ्यांचा व पिवळसर गाठींचा दाट सडा पडतो. पाठीवरचे एकटे आवाळू त्याचा पुरावा होत नाही. कारखान्यांविरुद्ध लढण्यास भक्कम पुरावे पुष्कळ आहेत.

राहता राहिला पैशाचा आक्षेप. हिश्शाची ही ‘कट प्रॅक्टिस’ काल्पनिक वस्तू असती, तर महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करविला नसता. आणि खासगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागी लावावे, असे २०२१ च्या सुधारित नियमांनी ठरविले आहे. शिवाय गाठ विनाशस्त्रक्रिया विरघळविण्याची हमी देणाऱ्या ज्या जाहिराती लोकलच्या डब्यांतून चिकटवलेल्या असतात, त्यांचा बंदोबस्त करण्यास १९५४ चा जादुई उपचारांविषयीचा कायदा आहे, आणि त्याच्या परिशिष्टात अर्बुदांचा समावेश आहे. जो रोष निदानावर काढला जातो, तो ह्या तीन ठिकाणी वळविता येईल. बाकी साधनांची उणीव सांगावी, तर ठाण्यास जिल्हा रुग्णालय आहे, कल्याणास रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीस शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये आहेत, आणि कळव्यास छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडून राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. महाविद्यालय म्हटले की विकृतिशास्त्राचा विभाग आलाच. काढलेल्या गाठीची बाटली नातेवाइकाच्या पिशवीऐवजी पालिकेच्या गाडीतून आठवड्यातून दोनदा कळव्यास जावी, आणि तिचा लेखी अहवाल केसपेपरास जोडला जावा, एवढी तजवीज ठाणे व कल्याण-डोंबिवली ह्या दोन महापालिकांनी आपसांत केली, तर प्रयोगशाळेच्या हिश्शाचा प्रश्नच उरत नाही. तसा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. त्यावर सही करण्यास प्रतिपक्ष तयार आहे काय, एवढे त्यांनी आता कळवावे.